एक किलोचा दाब

सकाळी ८:०५

शटर अर्ध्यावर अडकतं. मिस्त्री खांदा लावतो, पोरगा खालून लाथ घालतो, मग ते वर जातं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. डावीकडं लेथ, उजवीकडं मोटर वायंडिंग, समोर गॅस वेल्डिंग. मिस्त्रीचा गाळा बारा बाय तीस फुटांचा. एक गाडी आत मावते, दुसरी रस्त्यावर. पाटीवर तीन शब्द: पंप, नोझल, टर्बो. पंप आणि नोझल त्याच्या उस्तादाच्या वेळचे. हल्ली दिवस टर्बोवरच जातो.

पोरगा झाडू घेतो. वय एकोणीस, आयटीआयला मोटर मेकॅनिक केलेला, ५०० रुपये हजेरी, चहा-नाष्टा गॅरेजचा. मिस्त्री हवेचा कॉम्प्रेसर चालू करतो आणि टाकी भरेपर्यंत उदबत्ती लावतो. काटा आठ किलोवर आला की मोटर आपोआप बंद होते. किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो. या गल्लीत दाब किलोतच बोलतात. बार म्हटलं तरी जवळपास तेवढाच.

मग तो टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढतो. फस्स. सोडतो. रोज एकदा. मोटर बंद करणारा स्विच चिकटला तर जादा हवा सोडायला तेवढा एकच व्हॉल्व्ह आहे. "ह्यो चिकटला तर टाकी फुटंल," मिस्त्री म्हणतो. "म्हणून रोज हलवायचा."

सकाळी ८:३५

पहिलं गिऱ्हाईक गुळाची पिकअप. पहाटे मार्केट यार्डात रवे भरले, आंबा घाटानं रत्नागिरीला जायचं. शहराबाहेरच्या पहिल्या चढाला गाडीनं मान टाकली.

"मिस्त्री, ओढतच न्हाई बघा. मागं काळा ढग."

"तेल कमी झालंय का, मामा?"

"न्हाई."

"शिट्टी?"

"शिट्टी न्हवं, फसफस."

मिस्त्री बॉनेट उघडतो आणि काही सुटं करायच्या आधी हात घालतो. टर्बोतून हवा निघते, पाइपानं इंटरकूलरला जाते, तिथं गार होते, दुसऱ्या पाइपानं इंजिनात शिरते. तो दुसऱ्या पाइपाच्या खालून बोट फिरवतो. बोटाला काळं तेल लागतं. या पाइपांतून हवेबरोबर तेलाची वाफ थोडी जातेच. जिथून हवा गळते तिथून तेलही पाझरतं. वाकणावर बोटभर चीर. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते. चढाला दाब आला की उघडते.

पोरग्याला तो समजावून सांगतो, पण हात न थांबवता. टर्बोनं हवा दिली, ती रस्त्यातच सांडली. डिझेल मात्र पडलंच. हवेपेक्षा डिझेल जास्त झालं की काळा धूर. धूर बघून सगळे नोझलला दोष देतात. आणि टर्बो बिचारा सांडलेली हवा भरून काढायला आणखी जोरात फिरतो. तसंच घाटभर चालवलं तर आज पाइप, उद्या टर्बो.

मामांना बाइकच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून हवी होती. पट्टीचे काही पैसे नाहीत. नवा पाइप ९५० रुपये, दोन क्लॅम्प ऐंशी, मजुरी ३००. मिस्त्री पट्टी देत नाही. मामा फोनवर व्यापाऱ्याशी बोलतात, मग १,३०० मोजतात. तीस रुपये मिस्त्री सोडतो. पाइप आणायला पोरगा दोन गल्ल्या पळतो. सव्वानऊला पिकअप घाटाकडं निघते.

सकाळी ९:५०

पांढरी स्विफ्ट, डिझेल. मालक तेवीस-चोवीस वर्षांचा, सहा महिन्यांपूर्वी जुनीच घेतलेली. त्याची तक्रार वेगळी. गाडी ओढते, जोरात ओढते, आणि ऐन ओव्हरटेकला मेल्यासारखी होते. बंद करून चालू केली की पुन्हा छान. काल ट्रकच्या बाजूनं जाताना असं झालं. तो हसून सांगतो, पण दोनदा सांगतो.

हे इंजिन मिस्त्रीच्या हातातलं. १,२४८ सीसी, मूळ फियाटचं. पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, हरियाणात मानेसरलाही. मारुती, टाटा, फियाट, तिघांच्या गाड्यांत तेच. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, पण रस्त्यावरच्या गाड्या अजून धावतात आणि मिस्त्रीची चूल त्यांच्यावर चालते. हे इंजिन दोन ताकदींत आलं, ७५ अश्वशक्ती आणि ९०. लोखंड जवळपास तेच, टर्बो निराळा. पंच्याहत्तरवाल्यात साधा टर्बो आणि वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूनं सोडून देणारी झडप. नव्वदवाल्यात आतली पाती फिरणारा. ही पंच्याहत्तरवाली.

मिस्त्री स्कॅनर लावतो. पी०२३४. दाब जास्त. गाडी बंद असताना स्क्रीनवर ९५० मिलीबार. पोरगा म्हणतो, बंद गाडीत दाब कुठला? "ही कोल्हापूरची हवा," मिस्त्री म्हणतो. समुद्रकिनारी हाच आकडा हजाराच्या वर असतो. आपण साडेपाचशे मीटरवर आहोत, म्हणून एवढाच. स्कॅनर बाहेरच्या हवेसकट दाब सांगतो, साधा काटा ती हवा शून्य धरतो. हे न कळल्यामुळं चांगले टर्बो बदललेले त्यानं पाहिलेत.

आम्ही बायपासला चक्कर मारून येतो. सकाळपासून हे सगळं बघणारा मी मागं बसतो. तिसऱ्या गिअरला पाय दाबल्यावर स्क्रीनवरचे दोन आकडे, इंजिनानं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष आलेला, थोडा वेळ बरोबरीनं चढतात. मग मागितलेला थांबतो, आलेला थांबत नाही. दोन-तीन सेकंद. आणि धप्. डिझेल तुटतं. सीटबेल्ट छातीत रुततो.

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की टर्बोचं अवघड काम दाब तयार करणं हे नाहीच. धूर पाती फिरवतो, पाती हवा कोंबतात, जास्त हवेबरोबर जास्त डिझेल जळतं, जास्त धूर होतो, पाती आणखी जोरात. हे चक्र आपलं आपणच वाढत जातं. त्याला कुणीतरी आडवं यावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे टर्बोच्या बाजूला लटकलेला मुठीएवढा पत्र्याचा डबा. ॲक्च्युएटर.

सकाळी १०:४०

डबा काढायच्या आधी मिस्त्री त्याचा रबरी पाइप बघतो. जेमतेम वीतभर. टर्बोच्या हवेच्या बाजूनं निघतो आणि डब्यात शिरतो. क्लॅम्प मूळचा नाही, हे तो बघताक्षणी म्हणतो. पक्कड लावतो, पाइप ओढतो, उजेडाकडं धरतो. आरपार दिसत नाही. हातातल्या पातळ तारेनं ढकलतो. टेबलावर टिक् करून एक स्क्रू पडतो. पत्र्याला मारतात तसला, अर्ध्या इंचाचा.

कुणी बोलत नाही. मालकाचा चेहरा खरंच कोरा आहे. गाडी त्यानं घेतली तेव्हा स्क्रू आत होताच.

"कुणीतरी प्रेशर वाढवलंय," मिस्त्री म्हणतो. "फुकटात."

पाइप बंद, म्हणजे डब्याला टर्बोचा दाब कळतच नाही. डबा समजतो सगळं शांत आहे. दांडा हलत नाही, वेस्टगेटची झडप उघडत नाही, सगळा धूर टर्बाइनवरूनच जातो. दाब हवा तेवढा नाही, येईल तेवढा. शेवटी कॉम्प्युटर घाबरतो आणि डिझेल तोडतो. कॉम्प्युटरनं गाडी बिघडवली नव्हती, वाचवली होती.

सकाळी ११:१०

चहा येतो. चार कप, चाळीस रुपये. एक कप माझा, एक मालकाचा.

स्क्रू निघाला म्हणून मिस्त्री डबा तपासल्याशिवाय लावत नाही. हा भाग मला सगळ्यात आवडला. डबा शेगड्यात हलकेच धरतो. दांड्याच्या टोकाला डायल गेज. मोठ्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून, छोट्या काट्यातून, डब्यात. रेग्युलेटरची मूठ तो अशी फिरवतो की फिरते आहे हे दिसत नाही.

अर्धा किलो. काही नाही. पाऊण. काही नाही. एकच्या थोडं पुढं दांडा हलतो. गेजचा काटा एक मिलिमीटर सरकतो. मिस्त्री मूठ उलटी फिरवतो, पुन्हा सुलटी. तीनदा. तिन्ही वेळा त्याच दाबाला. मग हवा कोंडून ठेवतो आणि चहा संपवतो. काटा खाली येत नाही, म्हणजे आतला पडदा फाटलेला नाही.

बाजूला वही आहे. शाळेची, दोनशे पानी, कडा तेलानं काळ्या. गाडी, टर्बोचा नंबर, दांडा कितीला सुटला, पूर्ण कितीला उघडला. चांगल्या चालणाऱ्या गाड्यांची मापंही त्यानं गोड बोलून घेऊन ठेवलीत. आजचं माप तो जुन्या मापांशी ताडतो. जुळतं.

"आत काय आहे?" मालक विचारतो.

पोरग्याच्या हातात एक कापलेला जुना डबा आहे. एका बाजूला रबरी पडदा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. बस. मिस्त्री पोरग्याला पडद्याचा व्यास मोजायला लावतो. पाच सेंटिमीटर. क्षेत्रफळ? पोरगा बोटांवर नाही, खडूनं जमिनीवर मांडतो. साडेएकोणीसच्या वर. म्हणजे एक किलोच्या दाबाला पडद्यावर जोर किती? जवळजवळ वीस किलो. वीस किलोचं पोतं या छोट्या स्प्रिंगवर ठेवल्यासारखं. स्प्रिंग तेवढं पेलते तोवर झडप मिटलेली. त्यापुढं दांडा ढकलला जातो, झडप किलकिली होते, थोडा धूर टर्बाइनला वळसा घालून सरळ सायलेन्सरकडं. पाती तेवढीच सावकाश.

ना वायर, ना चिप. गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या निम्मा दाब, एक पडदा, एक स्प्रिंग.

बऱ्याच नव्या गाड्यांत या पाइपाच्या वाटेवर एक विजेचा व्हॉल्व्ह असतो. कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा तो उघडमीट करतो आणि डब्याकडं जाणारी थोडी हवा मधेच गळवतो. डब्याला दाब कमी वाटतो, झडप उशिरा उघडते. गिअरनुसार, हवा किती गरम त्यानुसार, जेव्हा जेवढा दाब परवडेल तेवढा. पण तो व्हॉल्व्ह मेला, वायर तुटली, तर पुन्हा पडदा आणि स्प्रिंग. खालची मर्यादा तीच धरून ठेवते.

दुपारी १२:००

आतली गाडी कालपासून उभी. मोठी एसयूव्ही, फिरत्या पात्यांचा टर्बो. मालकीणबाई गावातच चालवतात, शाळा, दवाखाना, बाजार. हायवेला गेल्या की दिवा लागतो आणि गाडी साठच्या वर जात नाही.

टर्बो काढायचा आहे. चार स्टड, चारही गंजलेले. एक्झॉस्टच्या बाजूचं लोखंड रोज लाल व्हायच्या बेतात तापतं आणि रोज गार होतं, नट स्टडला चिकटून एकजीव होतात. काल रात्री पोरग्यानं गंज सोडवायचं तेल मारून ठेवलंय. आज पहिला नट चौदाच्या पान्यानं सुटतो. दुसऱ्याला पान्यावर पाइप चढवावा लागतो. तिसरा किंचाळत निघतो. चौथ्याला मिस्त्री जोर लावत नाही. थोडा सुलटा, थोडा उलटा, तेल, थोडा सुलटा. दहा मिनिटं. गळ्यातला गमछा घामानं काळा. टक्. स्टड मोडला.

तो पान्याकडं बघतो. शिवी देत नाही. समोरच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारतो. मोडक्या स्टडच्या टोकावर नवा नट ठेवून वेल्डिंगचा ठिपका, ते तापलेलं असतानाच पाना, आणि स्टड लोण्यासारखा निघतो. वेल्डिंगचे १५० रुपये. नवे चार स्टड, एकाला पंचेचाळीस. बिलात गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड, कारण पाऊण तास दिसत नाही.

टर्बो टेबलावर येतो. सात-आठ किलोंचा ऐवज. उघडण्याआधी मिस्त्री पंचनं खुणा मारतो, कोर आणि घर एकमेकांना कुठं जुळतात त्याच्या. मग हवेच्या बाजूचं चाक बोटांच्या चिमटीत धरून शाफ्ट पुढं-मागं हलवतो. हलत नाही. वर-खाली अगदी किंचित हलतो. तेवढं चालतं, कारण हा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात. सेकंदाला तीन हजारांवर. कोर चांगला आहे. नाहीतर आठ-नऊ हजारांचा खर्च होता, आख्खा नवा टर्बो घेतला तर पस्तीसच्या पुढं.

दुपारी १:४५

जेवण. भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी. पोरग्याचा डबा आईनं दिलेला, मिस्त्रीचा बायकोनं. माझ्यासाठी दोघांतलं निम्मं निम्मं.

मी विचारतो, पूर्वी काय करायचे? मिस्त्री म्हणतो, पूर्वी टर्बो ट्रकला. बाहेरची हकिकत मला थोडी माहीत होती, ती मी सांगतो. १९६२ साली अमेरिकेत टर्बो लावलेल्या दोन मोटारी विकायला आल्या. त्यातल्या शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरला वेस्टगेटच नव्हतं. धुराची वाट मुद्दाम अरुंद ठेवून दाब आवरला होता. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरला वेस्टगेट होतं, शिवाय पाणी आणि मिथेनॉल मिसळलेलं द्रावण इंजिनात फवारायचे, पेट्रोलनं ठोका मारू नये म्हणून. द्रावणाची टाकी रिकामी झाली की दाब आपोआप कमी. लोक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणायचे.

"आपल्यासारखंच की," मिस्त्री म्हणतो आणि भाकरी मोडतो.

पुढं १९७७ मध्ये साबनं ९९ टर्बो दाखवली. मोठ्या टर्बोऐवजी छोटा लावला. तो लवकर फिरतो, कमी वेगातच ओढ देतो. मग पुढं जादा होणारा धूर वेस्टगेटनं सोडून दिला. आज स्विफ्टमध्ये आहे ती युक्ती हीच. छोटा टर्बो झडपेशिवाय वापरताच येत नाही, हे मिस्त्रीला कुणी सांगायची गरज नव्हती. "ती झडप आहे म्हणून तर तळात दम आहे," तो म्हणतो. सकाळपासून मला जे शब्द सापडत नव्हते ते हे.

दुपारी २:३०

पाती. एसयूव्हीच्या टर्बाइनच्या भोवती छोट्या धातूच्या पात्यांचं कडं. वेस्टगेट इथं नाही. पाती मिटत आली की धुराला फट अरुंद, झोत जोराचा, कमी वेगातही चाक पळतं. पाती उघडली की फट रुंद, झोत मंद, दाब उतरतो. खिडकीच्या काचपट्ट्यांसारखं. या गाडीत ती व्हॅक्यूमनं ओढली जातात. व्हॅक्यूम गेला की उघडी राहतात, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी मंद होते, फुटत नाही. बनवणाऱ्यानं विचार करून ठेवलेला आहे.

पण पाती चिकटली तर तो विचार कामी येत नाही. गावातल्या सावकाश फेऱ्यांत काजळी बसते. बसत बसत पात्यांच्या टाचा धरून ठेवते. हायवेला कॉम्प्युटर सांगतो उघड, ती मिटलेलीच. दाब उसळतो, दिवा लागतो, गाडी साठावर.

पोरगा कडं काढतो. काळं, कोरडं, ओल्या कोळशासारखा वास. साफ करायच्या फवाऱ्याचा डबा ३८० चा, त्यातला निम्मा इथंच जातो. अर्धा तास भिजवायचं, पितळी ब्रशनं घासायचं, डिझेलनं धुवायचं, हवा मारायची. पुन्हा. लोखंडी ब्रश नाही, कानस तर नाहीच. एकेक पातं बोटानं हलवून बघायचं. पोरग्याच्या नखांत ही काजळी आता महिनाभर राहणार. तो मोजतो, नऊ पाती सुटली, दोन अडकतात. पुन्हा फवारा.

घराच्या बाहेर एक छोटा स्क्रू आहे, पाती किती मिटायची ते ठरवणारा. पोरग्याचा हात तिकडं जातो.

"त्याला न्हाई," मिस्त्री मान वर न करता म्हणतो.

साडेतीनला फोन वाजतो. पेट्रोल टर्बोवाला कुणीतरी, पाय काढला की फुस्स आवाज येतो म्हणून घाबरलाय. मिस्त्री सांगतो, पाय काढला की थ्रॉटल मिटतं, आलेली हवा जाणार कुठं, म्हणून एक व्हॉल्व्ह ती वळवून सोडतो. नसता तर हवा उलटी फिरून टर्बोच्या चाकावर आपटली असती. तुमची गाडी बरी आहे. फोनचे पैसे नाहीत.

दुपारी ४:१०

स्विफ्टला नवा पाइप, नवे क्लॅम्प. मधे टी टाकून मिस्त्रीनं त्यातून एक बारीक नळी काढली, खिडकीतून आत आणली आणि डॅशबोर्डवर काटा चिकटवला. पन्हाळ्याला जायचं. मालक चालवणार, मिस्त्री शेजारी, मी मागं.

गंगावेस, शिवाजी पूल, खाली पंचगंगा. केर्लीपर्यंत रस्ता सपाट. काटा कधी शून्याजवळ, कधी अर्ध्यावर, रमत-गमत. वाघबीळला वळतो आणि चढ सुरू होतो.

"तिसरा ठेव. दाब पाय. सोडू नको."

काटा उठतो. अर्धा. पाऊण. एक. सकाळी बायपासला याच टप्प्यावर आकडा वेडा झाला होता. आता एकच्या थोडं पुढं जातो, थरथरतो आणि थांबतो. इंजिन चढतंय, रस्ता चढतोय, काटा तिथंच. मालकाचे डोळे रस्त्यावर हवेत, ते काट्यावर आहेत. मिस्त्री त्याला हातानं समोर बघायची खूण करतो. पुढच्या वळणालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. खाली बॉनेटमध्ये तो दांडा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकत असणार. दिसत नाही. फक्त काटा थांबलेला दिसतो.

वर पन्हाळा साडेनऊशे मीटरच्या आसपास. कोल्हापूरपेक्षा हवा इथं चार-पाच टक्क्यांनी विरळ. टर्बोनं नाव कमावलं ते अशा विरळ हवेतच. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरनं लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर, १४,००० फुटांवर नेलं आणि टर्बो लावून दाखवून दिलं की उंचीवर हरवलेली ताकद परत मिळते. डोंगर चढून परीक्षा घ्यायची रीत तेव्हापासूनची, असं मी मिस्त्रीला म्हणतो. तो बुरुजाकडं बघत भुईमुगाच्या शेंगा सोलतो. वीस रुपयांच्या, मालकानं घेतलेल्या.

संध्याकाळी ५:५०

परतल्यावर मालक मुद्द्यावर येतो.

"मिस्त्री, एक विचारू? आधी वरच्या वेगाला जरा जास्त ओढायची. ते गेलं."

"गेलंच."

"दांडा थोडा आवळून वाढवता येत न्हाई?"

येतो. दांड्यावर आटे आहेत, लॉकनट आहे. दांडा आखूड केला की स्प्रिंग आधीच दाबली जाते, झडप उशिरा उघडते. अर्ध्या आट्यानंही काटा वर जातो. दोन मिनिटांचं काम, आणि याचे हजार-दोन हजार घेणारे आहेत. पोरगा बघत राहतो.

मिस्त्री शेल्फवरून एक टर्बाइनचं चाक काढतो. तीन पाती अर्ध्यातून गेलेली. मग एक हेड गॅस्केट, दोन सिलिंडरच्या मधे जळून काळी रेघ पडलेली. दोन्ही मालकाच्या हातात देतो. काही सांगत नाही. मालक चाक उलटसुलट करून बघतो, तुटक्या कडेवर अंगठा फिरवतो.

"आसू दे," तो म्हणतो.

बिल: पाइप आणि क्लॅम्प १३०, तपासणी आणि मजुरी ७००. डिझेल त्याचंच गेलं, दोनेकशे रुपयांचं. मोबाइलवरून पैसे येतात, खोक्यातून बाई ओरडून आकडा सांगते. मला वाटतं दिवसातलं सगळ्यात महागडं काम त्यानं आत्ता केलं, न केलेल्या दोन मिनिटांचं. ते बिलात नाही.

संध्याकाळी ६:३०

एसयूव्हीचा टर्बो जुळतो. पंचच्या खुणा खुणांना. हातपंपानं व्हॅक्यूम देऊन मिस्त्री दांडा खेचून बघतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका लयीत, मधे झटका नाही. व्हॅक्यूम सोडला की परत, लगेच. पाच वेळा. सकाळी तो निम्म्यावरच अडकत होता.

नवे स्टड, नवे गॅस्केट. तेलाचा पाइप फुंकून, तारेनं, पुन्हा फुंकून. टर्बोच्या तोंडात तो पिचकारीनं तेल सोडतो आणि चाक बोटानं फिरवतो. कोरडा शाफ्ट पहिल्याच मिनिटात मरतो. मग डिझेलची लाइन तोडून पोरगा स्टार्टर मारतो, दहा सेकंद, थांब, दहा सेकंद. तेल वर चढू दे. तिसऱ्या वेळी लाइन जोडतो. इंजिन धरतं. पाच मिनिटं नुसतं उभं. कुणी पाय लावत नाही.

हायवेची चाचणी उद्या सकाळी, बाईंच्या समोर. त्यांना सांगायचं आहे की आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या. मिस्त्री हे प्रत्येकाला सांगतो.

रात्री ८:१५

हत्यारं मोजून पेटीत. चौदाचा पाना सापडत नाही, मग गाडीच्या बॅटरीवर सापडतो. पोरगा शनिवारच्या पगारातली १,००० उचल मागतो, बाइकचा मागचा टायर गुळगुळीत झालाय. मिस्त्री पाचशेच्या दोन नोटा देतो आणि वहीच्या मागच्या पानावर लिहितो. पुढच्या पानावर स्विफ्टचं आणि एसयूव्हीचं माप.

खिडकीत एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. पाइपांतून निघालेलं तो त्यात ठेवतो. बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे, सायकलचे छर्रे, एक आगकाडी, मधोमध बारीक भोक पाडलेली पितळी खिळी. तीसेक तरी वस्तू असतील. आजचा स्क्रू टाकल्यावर तो डबा एकदा हलवतो आणि झाकण लावतो.

पोरगा कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडतो. दिवसभराचं गढूळ पाणी हवेबरोबर फरशीवर येतं. काटा आठवरून निघतो, पाच, तीन, एक. एकवर क्षणभर रेंगाळतो, मग शून्याला टेकतो.